बाहीवरची चार बोटं

कानाच्या पाळीवरून ती तुटक रेघ सांडलेल्या साखरेमागे लागलेल्या मुंग्यांसारखी सरकत होती, आणि पाळीच्या टोकाशी येऊन ती थांबली. अंकिताने लॅपटॉपवरचा कान वीतभर मोठा केला. रेघ पुन्हा चालू लागली — पाळी, मान, सदऱ्याची कॉलर. कान अण्णाजींचा, अठ्ठावीस वर्षांच्या अण्णाजींचा. आता त्या कानात सगळं दोनदा बोलावं लागतं. लग्नाला बावन्न वर्षं झाली, पण इतक्या जवळून हा कान आपण कधी पाहिलाच नाही, असं कोकिळाबाईंना वाटलं, आणि मांडीवरची कोथिंबिरीची, सांभाराची जुडी बांधायची राहून गेली.

"कापून राह्यली का वं त्याइले?"

"कापत नाई आजी, उचलून राह्यली. मांगचा पडदा मांगं, आबाजी समोर. मंग मधातून कॅमेरा फिरवीन. फोटोतला मानूस उभा असल्यावानी दिसते."

अंकिता मुलाची, कैलासची मुलगी. रविवारी अण्णाजींना ऐंशी पूर्ण होणार, म्हणून कैलासने आंजी गावात जेवण ठेवलं होतं, आणि जेवणाआधी मोठ्या पडद्यावर हा व्हिडिओ. जुने फोटो काढा म्हणून घरभर सांगून झालं होतं. कोकिळाबाईंनी काल दुपारी पेटीतल्या लुगड्यांखालून हा एक काढून दिला — कोणी मागितला नव्हता.

पुलगावच्या स्टुडिओतला, लग्नानंतर चौथ्या दिवसाचा. फोटोवाला म्हणाला होता, बाई बुटक्या आहेत, पाटावर उभं करा. पाट एका पायाने लंगडा... तो कलला, आणि कोकिळेने अण्णाजींच्या सदऱ्याची बाही धरली, नेमका तेव्हाच फोटोचा उजेड झाला. फोटो पाहून सासूबाई म्हणाल्या, चवथ्याच दिवशी नवऱ्याले धरून उभी, लाज नाई. मग तो भिंतीवर लागलाच नाही. पण दिवसाउजेडी, चार लोकांत, मी त्यांना धरलं ते तेवढंच — आणि रविवारी आंजीच्या सगळ्या लोकांनी ते पाहावं असं मला वाटलं, ह्यात काय चुकलं?

अंकिताने उचललेले अण्णाजी बाजूला ठेवले आणि दुसरा फोटो उघडला.

तो उघडताच कोकिळाबाईंचा हात गळ्याकडे गेला. धुरपता. अण्णाजींची पहिली बायको, कैलासची जन्मदाती. कैलास दीड वर्षाचा असताना तापाने गेली. तिचा हा एकच फोटो — रंगवलेल्या तळ्याच्या पडद्यापुढे, तळ्यात एक हंस, हनुवटीवर तीळ, वय असेल बावीस. अंकिताने तिलाही पडद्यापासून उचललं होतं. ती उभी होती तिथे भोक पडलं, तर यंत्राने ते आपल्या मनाने पाणी घालून बुजवलं होतं, आणि पाण्यात हंसाची आणखी एक मान उगवली होती. अंकिता त्याला हसली. कोकिळाबाई हसल्या नाहीत. त्या बघत होत्या की कॅमेरा फिरला तशी धुरपता पडद्यातून पुढे आली, नुसती चिकटलेली नव्हती आता, तिच्या मागे जागा होती, तिच्या पदराला बाजू होती...

"मोठी आजी किती सुंदर होती ना?"

होती. मेलेली बाई सुंदरच असते, तिला खुरपायला जावं लागत नाही, तिचे गुडघे जात नाहीत. बोहल्यावरून उतरल्या उतरल्या सासूबाईंनी गळ्यात तिचा टाक बांधला होता, चांदीचा, करंगळीच्या नखाएवढा, त्यावर एक बाई कोरलेली, जिला ना तीळ होता ना तोंड. दुसरेपणावर आलेल्या बाईने सवतीला गळ्यात वागवायचं. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. सणाच्या दिवशी कुंकू आधी तिला. आधी तिले, मंग तुले — सासूबाई इतकंच म्हणत, रागावून नाही, पाणी गाळून घे म्हणाव्यात तसं. धुरपताच्या भाकरीला म्हणे पापुद्रा येई, ती हसताना तोंडावर पदर धरी, तिने कधी उंबरठ्यावर पाय दिला नाही... बावन्न वर्षं. कैलासला मीच न्हाऊ घातलं, गोवरात सात दिवस मांडीवर घेऊन बसले, आणि तो पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलला तर शेजारची म्हणाली, आईवर गेला.

अंकिताने अण्णाजींना ओढत आणलं आणि धुरपताच्या शेजारी उभं केलं.

"हे काय करून राह्यली?"

"दोघाइचा संगं फोटोच नाई ना आजी. बाबा म्हणे, एखादा बनव. आबाजीचा तरुणपणचा चांगला हाच भेटला."

हे कैलासने सांगितलं होतं. कोकिळाबाईंनी जुडीला दोरा गुंडाळला, एक वेढा, दोन, तीन, इतका घट्ट की काड्या मोडल्या. म्हणजे मी पेटीतून काढून दिला तो ह्यासाठी. माझ्या शेजारून उचलून तिच्या शेजारी... आणि मग त्यांना ते दिसलं. अण्णाजींच्या डाव्या बाहीवर चार बोटं होती. अंकिताची रेघ बाहीवरून चालताना बोटांसकट चालली होती. बाकीची कोकिळा पुलगावच्या स्टुडिओत राहिली. बोटं आली, धरलेली, सुटायला तयार नसलेली.

 छातीत काहीतरी गोड, वाईट पसरलं. राहू दे. सगळं गाव बघेल आणि कोणाला कळणार नाही, दोघांच्या मध्ये मी उभी आहे.

"अरे, हे बोटं कोणाचे?" अंकिता पडद्याला नाक लावून म्हणाली. "तुहे होय का आजी? काढू?" मग मान तिरपी करून, "पण नाई काढले तरी चालते. मोठ्या आजीनं धरल्यावानीच दिसते. उलट मस्त वाटते."

उलट मस्त. काढली तर मी नाही. ठेवली तर ती. चारच बोटं होती माझ्याजवळ, तीही तिलाच.

"सांग ना. काढू का ठेवू?"

तेवढ्यात अण्णाजी वांग्याच्या वावरातून आले, चप्पल दाराशी झटकली, आणि अंकिताने त्यांना हाताला धरून लॅपटॉपपुढे बसवलं. कोकिळाबाईंनी मान खाली घातली. अण्णाजी धुरपताला पाहतील तेव्हाचा चेहरा त्यांना पाहायचा नव्हता. आणि मग पाहिल्याशिवाय राहवलंही नाही.

अण्णाजींनी चष्मा वर-खाली केला. कॅमेरा फिरला; धुरपता पुढे आली, तळं मागे सरलं.

"हा मीच व्हय. अन् हे पोरगी कोन व्हय वं? तुह्या कॉलेजातली?"

अंकिता हसत सुटली. "आबाजी, मोठी आजी व्हय थे. धुरपता आजी."

ते बघत राहिले. कोकिळाबाई त्यांच्या तोंडावर शोधत होत्या — पापुद्र्याची भाकर, तोंडावरचा पदर, ताप... काहीतरी हलेल. अण्णाजींनी दोरी बांधलेला चष्मा काढून धोतराला पुसला, पुन्हा लावला.

"असंल," ते म्हणाले. मग कोकिळाबाईंकडे वळून, "कैलासची माय, लाईन आली का? मोटर लावतो."

"आली," त्या म्हणाल्या. ते ऐकू न आल्याने पुन्हा म्हणाल्या, "आली."

ते चप्पल घालून निघाले, वांग्याच्या ओळींमधून, दोन्ही हात मागे बांधून, सावकाश, काही ओझं न घेतलेल्या माणसासारखे. अंकिता मागून बोटांचं विचारत होती. तीळ उजवीकडे होता की डावीकडे, हे विचारलं असतं तर कोकिळाबाईंनी झोपेतही सांगितलं असतं — ज्या बाईला कधी पाहिलं नाही तिचा. आता साऱ्या घरात धुरपता एकट्या त्यांनाच पाठ होती. त्या अण्णाजींच्या पाठीकडे बघत राहिल्या, आणि तीच जुनी आग उठली, फक्त तिचं तोंड आज धुरपताकडे नव्हतं, त्यांच्याकडे होतं. इतकं सोपं होतं तर... बाईला विसरून पाणी द्यायला निघून जाता येतं, हे अण्णाजींना केव्हापासून ठाऊक होतं? आणि मला कसं कोणी सांगितलं नाही?