तिसरा टाका

वाद्यांच्या पिशव्यांचा धंदा नव्यानं सुरू करणारी ती मुलगी पहिली पिशवी दाखवायला आली, तेव्हा बाईंनी सवयीनं आधी पट्ट्याची शिवण उलटून पाहिली. शेवटाला मागे घेतलेले टाके तीन होते.

बाईंचा दप्तरांचा कारखाना. नव्यानं धंद्यात उतरणाऱ्या बायकांना त्या तिथेच वर्षभर एक खोली आणि एक मशीन वापरायला देत. सगळ्याजणींना शिकवत ते एकच: शेवटाला दोन टाके उलटे घ्यायचे, धागा कापायचा, पुढे चालायचं.

"तीन कुणी शिकवले?"

"कुणी नाही हो बाई. तुमचं ते जुनं पायमशीन दोनावर थांबतच नाही. वन्सं म्हणतात, मशीनला तीनाचा पाढा आवडतो."

वन्सं म्हणजे तिची नणंद. ती आत शिवायची, ही बाहेर जाऊन विकायची. आता धंद्याची पाटी रंगवायची होती. बाई सगळ्यांनाच सांगत, पाटीवर एकच नाव असावं, एकच नाव लोकांच्या लक्षात राहतं. म्हणून मुलीनं कागदावर फक्त स्वतःचं लिहून आणलं होतं. बाईंनी हो म्हटलं की रंगारी कामाला लागणार होता.

बाईंनी कागद हातात घेतला आणि उद्या या म्हणाल्या.

ते मशीन त्यांच्या थोरल्या जाऊबाईंचं. मागच्या खोलीत दोघींनी मिळून पहिलं दप्तर केलं. बेतणं, शिवणं जाऊबाईंचं. बोलणं, हिंडणं धाकटीचं, म्हणजे बाईंचं. जाऊबाई शेवटाला तीन टाके घेत. धाकटी एकदा वैतागून म्हणाली होती, "ताई, तुमचा तिसरा टाका म्हणजे दारापर्यंत पोचलेल्या पाहुण्याला परत बसवणं." जाऊबाई हसल्या. "दोन कापडासाठी गं. तिसरा त्या लेकरासाठी. पट्टा तुटला तर रस्त्यात रडेल ना."

मग त्या अंथरुणाला खिळल्या. त्याच दिवसांत वर्तमानपत्राचा माणूस आला. जाऊबाई पडून होत्या आणि मशीन होतं, त्या पलीकडच्या खोलीचं दार उघडंच होतं. सुरुवात कुणी केली, असं त्यानं विचारलं आणि धाकटी म्हणाली, मी एकटीनं. माणसाचं मन हा मोठा हुशार वकील. ते लगेच म्हणालं, आजारी बाईचं नाव कशाला गोवायचं? इतक्यात आतून मशीनचा पायटा, पायानं दाबायची ती फळी, वाजला. तीनदा. धाकटी धावत आत गेली तर जाऊबाई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या, अंगावरचं पांघरूण जसंच्या तसं.

महिन्याभरात त्या गेल्या. त्या एका वाक्यावर पुढे सगळं उभं राहिलं: कारखाना, मानसन्मान, ते पाटीवरच्या एका नावाचं शहाणपणही.

आता मुलगी कागद ठेवून गेल्यावर बाई त्या मशीनच्या खोलीत गेल्या. भर दुपार होती. चिंधी लावली, शिवण घातली, खटका वर करून दोन टाके उलटे घेतले आणि पाय उचलून घेतला. पायटा आपणहून एकदा खाली गेला. सुई कापडात उतरली आणि तिथेच थांबली. एखादा पुर्जा झिजला असेल, असं त्या स्वतःशी म्हणाल्या. पुन्हा शिवलं. पुन्हा तिसरा. त्यांनी चाक हातानं घट्ट धरून ठेवलं, तर तळव्याखाली ते हळूच ओढ घेत होतं. आजारी माणूस हात सोडवून घेतं ना, तसं.

"ताई," त्या म्हणाल्या. बऱ्याच वर्षांत ही हाक तोंडात आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नणंद-भावजय दोघींना समोर बसवलं. वर्तमानपत्रवाला, उघडं दार, तो पायटा, सगळं सांगितलं. सांगताना एकदाही 'मी एकटीनं' म्हणाल्या नाहीत, 'आम्ही' म्हणाल्या. जीभ त्या शब्दाला अडखळत होती. मग त्यांनी कागदावर रिकामी जागा दाखवली.

"वन्संचं नाव इथे लिहा. मोठ्या अक्षरात."

नणंद संकोचली. मला कोण ओळखतं, म्हणाली.

"त्यासाठीच तर पाटी असते."

बाईंना वाटलं होतं, इतकं बोलल्यावर आता मशीन दोनावर थांबेल. त्या बसल्या, शिवण घातली, दोन टाके घेतले, पाय उचलला. तिघीजणी पाहत राहिल्या.

तिसरा टाका आलाच.

मुलीनं हळूच विचारलं, कारागीर बोलवून दुरुस्त करून घेऊ का?

"नको," बाई म्हणाल्या. "अजून ऐकताहेत ताई."