चार शहाण्यांचं स्टूल

मी स्टूल बोलतंय. उभ्यानंच ऐका, माझ्यावर बसायचं नाव काढू नका.

माणसांबद्दल मला काडीचीही माया नाही. चौघांनी मिळून मला घडवलं आणि चौघांनी मिळूनच माझे पाय छाटले. लाकडी वस्तूंचं डिझाइन शिकवणारा तो वर्ग दर शनिवारी भरायचा. नियम असा, की एकट्यानं काही करायचं नाही. बैठक सगळ्यांची, पाय प्रत्येकी एक.

चौघांत एक कुठल्याशा कंपनीतला साहेब होता, एक जाहिरातवाली आणि एक बँकेतून रिटायर झालेले काका. चौथी दवाखान्यात केसपेपर काढणारी बाई. तिनं जन्मात करवत धरली नव्हती. पण मी कोणासाठी, हे तिनंच सुचवलं होतं. तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. आईला बसून स्वतः बूट घालता यावेत, एकटीनं फिरायला जाता यावं, एवढंच तिला हवं होतं. घरी टेप लावून तिनं उंची काढली, पंचेचाळीस सेंटिमीटर. त्याहून खाली बसलं की आईला उठता येत नाही.

माझे पाय तिरके बसणार होते. तिरकं लाकूड कमी उंच भरतं, हे बाईला दवाखान्यात वरच्या फायली काढायला रोज शिडी भिंतीला टेकवून ठाऊक होतं. तिनं आपला पाय दोन सेंटिमीटर लांब कापला. बाकी तिघांनी बरोब्बर पंचेचाळीसचे कापले. जोडल्यावर मी अर्थातच डुगडुगलं.

"ताई, तुमचाच पाय लांब आहे," साहेब म्हणाला. "आमच्या तिघांचे सारखे आहेत की!"

बाईनं वही उघडली. आत आकृती होती. "पाय तिरके आहेत ना, म्हणून मी..."

"अहो, पहिल्यांदा होतंच असं," जाहिरातवाली म्हणाली.

"हो, माझंच चुकलं असेल." बाईनं वही मिटली.

माझा खरा राग तिच्यावर आहे. ते तिघे गाढव होते, मान्य. पण ही गाढव नव्हती. हिला कळत होतं, तरी हिनं माझा एकुलता एक शहाणा पाय करवतीखाली दिला.

करवत वाकडी गेली. मग काकांनी दुसरा पाय कापला, साहेबानं तिसरा, पुन्हा पहिला. दर वेळी एकमतानं. मी छत्तिसावर आल्यावर त्यांचं समाधान झालं. शिक्षकांनी मला हलवून पाहिलं. हललं नाही, म्हणून चौघंही पास. शेरा काय, तर 'सहकार्य उत्तम'. उंची कोणी विचारलीसुद्धा नाही.

बाकीच्यांना मी नको होतं, म्हणून बाईनं मला घरी आणलं. आई कौतुकानं बसली. नवे कोरे बूट घातले, नाड्या बांधल्या, आणि उठता येईना. लेकीनं काखेत हात घालून तिला उचललं.

"छान केलंयस गं. जरा ठेंगणं झालंय, एवढंच."

"आई, माझं माप बरोबर होतं."

"मग तिथं का नाही बोललीस?"

लेकीनं खाली वाकून आईच्या बुटांच्या नाड्या सोडल्या.

आता मी दाराशी पडून आहे, डोक्यावर जुन्या पेपरांचा गठ्ठा घेऊन. लेक कामावर गेली की आई खिडकीतून रस्ता बघते. परवा लेकीनं पुढच्या वर्गाचा फॉर्म भरला. जा बाई, खुशाल शीक. माझं गेलं चुलीत, मला तुझी माफीही नको. पण तिघे एका बाजूला झाले की तोंड उघडायचं, तेवढं आधी शीक. आणि निघताना आईचे बूट उलटे करून बघ. दोन महिने झाले, तळ अजून कोरे आहेत.