पहिला अट्टू

सोलापुरात आम्ही आलो ते गड्ड्याच्या जत्रेसाठी, चार दिवस राहून करमाळ्याला परतायच्या बेताने. यांची थोरली बहीण, यशोदावन्सं, साखर पेठेत राहायच्या. त्यांच्या रस्त्यावरच्या खिडकीखाली, लिंबाच्या सावलीत, गुरम्मा नावाची तेलुगू बाई चूल मांडून बसे. पहिल्या सकाळी मी वासानेच खिडकीशी आले. आंबवलेलं तांदूळ-उडदाचं पीठ ती वाटीच्या बुडाने तव्यावर फिरवी आणि डोळ्यांदेखत त्याचं पातळ, कडेला जाळी सुटलेलं धिरडं होई. त्याला ती अट्टू म्हणे. वर शेंगदाण्याची लाल चटणी. माहेरी पुण्याला धिरडी पुष्कळ खाल्ली होती मी, पण असं नव्हतं.

हे बाहेर गेले आणि पानात बांधून घेऊनच आले. वन्संनी कपाळाला हात लावला.

"मुकुंदा, रस्त्यावरचं? आणि कुणाच्या हातचं ते तरी विचारलंस का?"

"विस्तवावरचं आहे, अक्का. विस्तवाला कसला विटाळ?"

"हो की! बायको बी.ए., नवरा मास्तर. तुम्हाला कसला आलाय विटाळ!"

गुरम्माची एक रीत होती. दिवसातला पहिला अट्टू ती विकत नसे. त्याचा तुकडा चुलीत टाकायची आणि उरलेला समोर दिसेल त्या पोराच्या हातात द्यायची. त्या सकाळी तिला दिसला आमचा सिदू, पाच वर्षांचा, गज धरून उभा. तिने हात वर केला. सिदूने माझ्याकडे पाहिलं.

"घिऊ दे की, बाई," गुरम्मा म्हणाली. "पयला देवीचा. पोरानं न्हाय म्हटलं तर दिवसभर तवा रुसतोय."

मी हसून मान हलवली.

जत्रा संपायच्या आत सिदूला ताप भरला. वन्सं म्हणाल्या, अट्टूचा. डॉक्टर म्हणाले, नाही, हा विषमज्वर आहे, त्याचं विष तुम्ही करमाळ्याहूनच घेऊन आलात. यांना शाळा होती, हे परत गेले. मी राहिले.

ताप उतरला तेव्हा पोराचे नुसते डोळे उरले होते. मी देवापुढे साखर ठेवली. डॉक्टरांनी मात्र मला बाजूला घेतलं.

"खरा धोका आता आहे, बाई. त्याला भूक लागेल आणि तुम्हाला दया येईल. आतडं ओल्या कागदासारखं झालंय. दूध, बार्लीचं पाणी, मोसंब्याचा रस. भाताचं शीतसुद्धा पोटात जाता कामा नये. आणि खाट खिडकीशी घ्या, हवा लागू दे."

खाट खिडकीशी घेतली. फडताळाला कुलूप घातलं. भांडी घासायला येणाऱ्या केराबाईला मी माजघराच्या आत येऊ देईना. वन्सं देवळातून आल्या की प्रसाद त्यांच्या हातातून आधी मी घ्यायची.

"माझा विश्वास नाही का गं तुला?"

"तुमच्या मायेवर नाही, वन्सं."

"उपाशी मारतेस की लेकराला! एक मऊ घास खाऊन कुणी मेलंय का?"

सिदू वास आला की रडायचा, उशी चावायचा. मग एके दिवशी रडणं थांबलं. बार्लीचं पाणी मुकाट्याने पिऊ लागला. वन्सं म्हणाल्या, "शहाणं झालं गं बाळ." मलाही तसंच वाटलं. रात्री पहिल्यांदा झोप लागली.

एका सकाळी न्हाणीघरातून आले. गिरणीचा भोंगा नुकताच होऊन गेला होता. थर्मामीटर लावायला वाकले आणि त्याच्या तोंडाला तेलाचा वास आला. खिडकीच्या गजावर लाल बोट पुसलेलं होतं.

"सिदू, काय खाल्लंस?"

"काही नाही."

"तोंड उघड."

त्याने ओठ मिटून घेतले. मग डोळे भरून आले. "मी मागितला नाही, आई. तिनंच दिला. पहिला नाही म्हणायचा नसतो. तूच मान हलवलीस ना तेव्हा?"

"रोज देते?"

"तू न्हायला जातेस तेव्हा." आणि मला बरं वाटावं म्हणून घाईने पुढे म्हणाला, "चटणी नाही खात मी. पुसून टाकतो. तिखट बाधतं ना?"

सगळ्या घराला मी बजावलं होतं. खिडकीखालच्या बाईला कुणी एक शब्द सांगितला नव्हता. या घरातून तिच्याशी बोलणार कोण?

मी खिडकी लावून घेतली. वन्संना सांगितलं. त्या एकदाच म्हणाल्या, "देवा!" मग आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो. दुपारपर्यंत तो खेळला, गादीवर बोटांनी आगगाडी नेली. मी मनात म्हणत होते, इतके दिवस पचलं, आजचंही पचेल. दिवेलागणीला त्याने पोटाशी गुडघे घेतले.

डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि लगेच उचलला. पोट फळीसारखं घट्ट झालं होतं. यांना तार केली, पण परवा सकाळच्या आत हे पोचणार नव्हते. दुसरा सबंध दिवस सिदू कण्हत होता, खिडकी बंदच होती. जाताना डॉक्टरांना मी दारात गाठलं. "त्या खाण्यानंच का?"

"छातीठोक कुणी सांगणार नाही, बाई. न खातासुद्धा आतडं फुटतं."

उजाडायच्या आधी तो गेला.

वन्संनी त्याला खाली घेतलं, उशाशी दिवा लावला. पदर तोंडात कोंबून बसल्या. रडणं अजून घराबाहेर गेलं नव्हतं. गिरणीचा भोंगा झाला. थोड्या वेळाने खिडकीच्या फळीवर उलथन्याची टकटक.

"बाळ! ए बाळ! काल खिडकीच उघडली न्हाईस की. कालचा पयला कुत्र्याला घातला बग. धंदाच झाला न्हाय."

वन्सं ताडकन उठल्या. "आली सटवी! थांब, दाखवते तिला काय केलंय तिनं ते. इथं आणून दाखवते!"

"वन्सं, बसा."

"लीला, अगं—"

"बसा म्हणते ना."

मी एक फळी उघडली. गुरम्माचा हात कोपरापर्यंत पिठाने माखलेला, पानावर वाफाळता अट्टू. तिच्यामागे हातमागावर कामाला निघालेल्या दोन बाया थांबल्या होत्या. तिने माझ्या मोकळ्या केसांकडे पाहिलं.

"बाळ निजलाय व्हय?"

"निजलाय."

"उठला म्हंजे दे. गरम हाय."

मी गजांतून हात घातला आणि घेतला. ती वळली, तव्यावर पाणी शिंपडलं, दुसऱ्या अट्टूचं पीठ ओतलं. बाया पुढे सरकल्या. पानातून हात भाजत होता. मी खिडकी लावून घेतली, आतून कडी घातली.

मग वन्संना म्हटलं, "आता रडा."