हसरीची बरगडी

तिच्या जिभेला हाड नाही हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. पण त्या जिभेची कधी कुणाला गरज पडेल, असं स्वप्नातही आलं नव्हतं. म्हणून भावजयीचे बॉक्सिंगचे सर तिच्या लाँड्रीच्या काउंटरपाशी येऊन उभे राहिले, तेव्हा तिने सवयीने हात पुढे केला. "पावती?"

"कपडे नाहीत. तुम्हालाच न्यायला आलोय," सर म्हणाले. "तुमच्या भावजयीचे हात मी तयार केलेत. कान तेवढे राहिलेत."

खरं होतं ते. हाताने भावजय वाघीण, पण राग नाकाच्या शेंड्यावर. तिच्याच वजनगटात एक पोरगी होती, तिला सगळे हसरी म्हणत. रिंगमध्ये हसरी खुशाल हात खाली सोडायची, हनुवटी पुढे करायची, "ये की, घाबरलीस?" म्हणायची, आणि ठोसा खाल्ला तरी खदखदायची. झालं! भावजयीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, तोंडापुढे धरलेले हात वाऱ्यावर जायचे, आणि ही धावत सुटली की हसरी बाजूला सरकून तिला आरामात टिपायची. भावजय दोनदा अशीच हरली होती. आता संघाच्या निवडीची शेवटची लढतही हसरीशीच होती. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार, म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

"म्हणजे मी तिला टोमणे मारायचे?" तिने विचारलं. "घरी फुकट मारते की!"

"घरी ती उठून आत जाते. इथे दोरीच्या आत असेल."

मग रोज संध्याकाळी दुकानाचं शटर ओढून ती जिममध्ये जाऊ लागली. भावजय तिला वन्सं म्हणायची, म्हणून सरांसकट सगळेच वन्सं म्हणू लागले. दोरीवर कोपरं टेकून वन्सं तोंडाचा पट्टा सोडायच्या.

"राणीसरकार, ठोसा मारताय की माशी हाकलताय?"

"पाय बघा पाय! ओल्या चादरीतसुद्धा याहून जास्त जीव असतो."

सुरुवातीला भावजय इतकी चिडायची, की एकदा बॅग सोडून शेजारच्या खांबालाच ठोसा देऊन बसली. पण इस्त्रीच्या वाफेला वन्संचे हात सरावले होते, तसे हळूहळू तिचे कान सरावले. उलटून ती एकदाच बोलली. वन्सं तिच्या माहेरावर घसरल्या, तशी ती दोरीपाशी आली.

"या जिभेपायीच तुम्ही सासरी नांदला नाहीत, वन्सं. नवऱ्याने आणून सोडलं ते काही उगीच नाही."

वन्सं मात्र पोट धरधरून हसल्या. "हात्तिच्या! एवढंच? अजून येऊ दे की!"

लढतीच्या दिवशी सरांनी वन्संना कोपऱ्यात सोबत घेतलं, स्टूल आणि पाणी द्यायला. घंटा झाली. हसरीने हात खाली सोडले, हनुवटी पुढे केली. "ये की गं, काकू!"

भावजय शांत. इतकी शांत, की बसची वाट बघत उभी असावी. टोमणा कानावर पडला की तिला आता अगदी घरच्यासारखं वाटायचं! तिने दोनचार हात टाकले, तेही नुसते सवयीने; हसरीने निवांतपणे गुण गोळा केले. फेरी हातची गेली.

सरांनी कपाळावर हात मारला. "वन्सं, तुम्ही हिला जरा जास्तच शिजवलंत."

भावजय स्टुलावर टेकली. वन्संनी पाण्याची बाटली तिच्या तोंडाला लावली आणि विचारलं, "ती हसली कधी?"

"ती सारखीच हसते."

"सारखी नाही. तोंडावर मारलंस तेव्हा नुसती मान उडवली तिने. तुझा डावा हात चुकून बरगडीखाली बसला, तेव्हा खदखदली."

"मग?"

"त्या दिवशी तू मला नांदण्यावरून बोललीस, तेव्हा मी कशी हसले होते?"

भावजयीने घोट गिळला. "पोट धरून."

"हं. मग समज."

"वन्सं, मी..."

"माफीबिफी घरी. जिथे हसली, तिथेच परत."

दुसऱ्या फेरीत भावजयीने पहिला डावा हात बरगडीखालीच घातला. हसरी खदखदली. भावजयीने परत तिथेच दिला. हसरी हसली, पण आवाज फुटका आला. तिसऱ्यांदा बसला तेव्हा हसू आलंच नाही. कोपर खाली ओढून ती बरगडी झाकू लागली, आणि वरती तोंड मोकळं पडलं. सरांनी शिकवलेला उजवा हात त्यासाठीच तर इतके दिवस थांबला होता.

शेवटच्या फेरीत हसरीने ना हात सोडले, ना तोंड उघडलं. निकालाला रेफरीने भावजयीचा हात वर केला, तेव्हा सर आनंदाने त्या स्टुलावरच चढले.

भावजय दोरीखालून वाकून बाहेर आली, ती थेट वन्संकडे. "मी त्या दिवशी जे बोलले ना, वन्सं, ते..."

"अगं, त्याचं काय एवढं!" वन्संनी हसायला तोंड उघडलं.

भावजयीने ग्लोव्ह काढून आपला घामेजला हात त्यांच्या तोंडावर ठेवला. "आता नाही हसायचं."

वन्सं हसल्या नाहीत. तो हात त्यांनी दोन्ही हातांनी धरला, बराच वेळ सोडला नाही. मग म्हणाल्या, "धुऊन ये आधी, राणीसरकार. चार दिवसांच्या मोज्यांचा वास येतोय."