दुसऱ्या मजल्यावरचा कांदा

मंचरात हायवेला लागून, राहत्या घराच्या शेजारीच, कुंडलिकनं तीन मजली बिल्डिंग बांधली ती भाड्यासाठी, असं तो सगळ्यांना सांगायचा. साफ खोटं. ती त्यानं पोराच्या लग्नासाठी बांधली. सुदर्शन तिशीच्या पुढं सरकला होता. दिसायला बरा, बागायत जमीन, ट्रॅक्टर घरचा, आणि तरी स्थळं यायची, चहा प्यायची आणि जायची. पोरगा शेती करतो म्हटलं की मुलीकडच्यांचा चेहरा चहात मीठ पडल्यासारखा व्हायचा. मग कुणीतरी डोक्यात भरवलं, भाड्याचं उत्पन्न दाखवा, पोरगी पळत येईल. कुंडलिकनं बिल्डिंग ठोकली. पोरगी काही पळत आली नाही, पण बिल्डिंग झाली.

बरं, बांधली तर बांधली, शहाण्यासारखी भाड्यानं द्यावी ना. पण कुंडलिक पडला हाडाचा कांदेवाला. पुण्यात भाडी चढली, चाकणला चढली, आता हायवेनं ती चढ इकडंच सरकतेय, असं त्यानं मोबाइलवर ऐकलं आणि त्याच्या डोक्यात कांद्याची बराख उभी राहिली. कांदा कधी काढायचा? भाव चढल्यावर. तोवर बराखीत भरून ठेवायचा. फ्लॅटला त्यानं तोच कायदा लावला. खोली बघायला आलेल्या माणसाला तो सांगायचा, "थांबा वाईच राव, बाजार गरम व्हतोय." बँकेतले आले, कॉलेजचे मास्तर आले, एक नवं जोडपं तर दोनदा येऊन गेलं. कोण थांबतंय याच्यासाठी? सगळ्यांनी दुसरीकडे घरं घेतली. एक फ्लॅट सोडला तर अख्खी बिल्डिंग कुलपात राहिली.

त्यात शेतातल्या बराखीचं छप्पर गळायला लागलं. तेव्हा या गृहस्थानं दुसऱ्या मजल्यावरच्या सगळ्यात हवेशीर फ्लॅटमध्ये, नव्याकोऱ्या टाइलवर, भिंतीपासून भिंतीपर्यंत कांदा ओतला.

"आवो, तिथं माणसं राहायची का कांदा?" त्याची बायको प्रयागबाई म्हणाली.

"भाव चढला की दोन्ही एकदम काढू," कुंडलिक म्हणाला.

त्या कांद्याच्या बरोबर खाली प्यारीबाई राहायच्या. बिल्डिंगमधलं एकुलतं एक भाडेकरू कुटुंब त्यांचं. मुलगा हितेश मार्केट यार्डात कांद्याची आडत चालवायचा. मूळचे राजस्थानचे, पण प्यारीबाई वाढल्या मंचरातच, आणि त्यांचं मराठी कुंडलिकपेक्षा सोवळं. धंदा कांद्याचा असला तरी या जैन घरात कांदा कधी उंबऱ्याच्या आत आला नव्हता. कुंडलिकनं तो त्यांच्या डोक्यावर नेऊन ठेवला आणि वर त्यांनाच म्हणाला, "वास येत न्हाई ना मावशी?"

नवरात्र उठलं आणि लग्नं जुळवणाऱ्या गेणभाऊंचा फोन आला.

"पारगावचं स्थळ हाय. आरोही नाव. पोरगी पुण्यात एका कंपनीत हाय. शहरात भाडी किती वाढली, भाडेकरू खूश हायेत का, हे लोकांना इचारत फिरायचं, याचा पगार घेती. रविवारी येत्यात बघाय."

"येऊ द्या की."

"एकच हाय. पोरीला तुमच्या भाडेकरूला भेटायचंय. म्हणती, सासरा कसा हाय ते पोराच्या बापाला इचारून काय उपेग."

फोन ठेवून कुंडलिक हिशेब करत बसला. भाडेकरू एकच, आणि तिच्या घरात तो आजवर कधी दार वाजवून गेला नव्हता. आपलीच बिल्डिंग, दार काय वाजवायचं? सरळ आत जायचा, कुठला दिवा फुकट जळतोय का बघायचा, सोफ्यावरच्या पाहुण्यांना "कुठलं गाव?" विचारायचा. हितेश अंगाला साबण लावून बसला असताना यानं मोटर बंद केली, तीही एकदा नव्हे. हे सगळं आता त्याच्यासमोर येऊन उभं राहिलं. आणि त्याला खरोखर भीती वाटली. गेल्या खेपेला स्थळ आलं तेव्हा सुदर्शननं इस्त्रीचा शर्टसुद्धा घातला नव्हता. "आबा, आता बास करा," एवढंच म्हणून तो पाणी द्यायला मळ्यात निघून गेला होता. त्या पाठमोऱ्या पोराची आठवण झाली की कुंडलिकला घास जात नसे.

शनिवारी तो पेढे घेऊन गेला आणि त्यानं दार वाजवलं.

"कोण आहे?" आतून प्यारीबाई.

"मी, कुंडलिक."

"दार वाजवलंत? तब्येत बरी आहे ना?"

तो आत गेला, ओट्याजवळ उभा राहिला आणि पोरगी आली की दोन शब्द बरे बोला म्हणून गयावया करू लागला. प्यारीबाई कणीक मळत होत्या. बोलणं अर्ध्यात आलं आणि वरच्या पाइपाच्या फटीतून सडक्या कांद्याचं पाणी टपकन परातीत पडलं. मग आणखी एक थेंब.

प्यारीबाईंनी परात बाजूला सारली. आवाज चढवला नाही. "कुंडलिकभाऊ, या वयात मी खोटं बोलायला शिकणार नाही," त्या म्हणाल्या आणि गॅस बंद केला. "आज या ओट्यावर स्वयंपाक नाही."

सुदर्शनला कळलं तसा तो मळ्यातून आला. बापाकडे त्यानं असं बघितलं की कुंडलिक मुकाट्यानं पोतं घेऊन जिना चढला. बापलेकांनी दिवसभर कांदा उपसला. अर्धा सडला होता, उरलेल्याला मोड आले होते. ज्याचा भाव चढायचा तो मालच उकिरड्यावर गेला.

रविवारी पाहुणे वेळेच्या आधीच टपकले. प्रयागबाई पोह्यांच्या गडबडीत, कुंडलिक टोपी शोधतोय, आणि आरोही सोबत आलेल्या चुलत्याला मागं ठेवून थेट प्यारीबाईंच्या स्वयंपाकघरात. तिथं सुदर्शन हाफ पँटवर, स्टुलावर उभा, साबणाच्या पाण्यानं छत घासत होता. त्याला खाली उतरताही येईना आणि तोंड लपवताही येईना. तो घासतच राहिला.

"आजी, घरमालकाला दहापैकी किती द्याल?" आरोहीनं विचारलं.

कुंडलिक दारात येऊन थबकला.

"तीन," प्यारीबाई म्हणाल्या. "एक पाण्याला, पाणी भरपूर आहे. एक प्रयागबाईला. आणि एक हा यांचा सुदर्शन सकाळपासून वर चढून बसलाय, त्याला. कुणी सांगितलं नव्हतं, स्वतः आला."

"आणि मालकाला?"

"त्यांचं खातं अजून उघडायचंय."

चुलता खोकला. कुंडलिकला वाटलं, संपलं, हेही चहा पिऊन जाणार. पण आरोही म्हणाली, "वरचा फ्लॅट बघू."

वर कांद्याचा वास घमघमत होता. तिनं बाल्कनीचं दार उघडलं, नळ सोडून बघितले, मग विचारलं, "भाडं काय?"

"सध्या बाजार..." कुंडलिकनं जुन्या सवयीनं सुरुवात केली आणि प्रयागबाईनं त्याला मागून असा चिमटा काढला की वाक्य तिथंच राहिलं. "तुमी म्हणाल ते," तो म्हणाला.

"पुण्यात निम्मा पगार भाड्यात जातो काका. मालक दर वर्षी वाढवतो, आणि मी दर वर्षी घर बदलते. ऑफिसला आता आठवड्यातून दोनदाच जायचं असतं. मला हा फ्लॅट हवाय."

"आनि सुदर्शनचं?" प्रयागबाईच्या तोंडून निघून गेलं.

"एका चहावर मला माणूस कळत नाही, मावशी. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट करा. फ्लॅट सोडायचा की तुमच्या घरात यायचं, ते तेव्हा सांगते."

चुलत्यानं बोलायला तोंड उघडलं आणि हातातल्या बशीतले पोहे त्यात घातले. कुंडलिक मात्र सुदर्शनकडे बघत होता. पोरगा मागोमाग वर येऊन खिडकीशी उभा होता, हाताला साबण तसाच, आणि किती दिवसांनी कोण जाणे, गालात हसत होता.

आरोही राहायला आली त्याच आठवड्यात सकाळी तिचा फोन आला. बेसिन तुंबलं होतं. अख्खं घर उठलं. सुदर्शन पाना घेऊन, अंगात इस्त्रीचा शर्ट. प्रयागबाई थालीपिठाची ताटली घेऊन. सगळ्यांच्या पुढं कुंडलिक, हातात दुसरा पाना. एका बेसिनला एवढी वरात कशाला, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

पहिल्या मजल्यावर प्यारीबाई दारातच उभ्या होत्या.

"कुंडलिकभाऊ, आमचंही तुंबलंय. दिवाळीपासून."

"आता दिवाळी यायची हाय मावशी."

"मी गेल्या दिवाळीचं म्हणतेय."

कुंडलिक थांबला. वर बघितलं, खाली बघितलं. मग त्यानं बायकोच्या हातातली ताटली सुदर्शनकडे दिली. "तू जा वर. एकटाच जा. आनि दार वाजीव."

स्वतः तो प्यारीबाईंच्या घराकडे वळला. त्या आत गेल्या होत्या, दार सताड उघडं होतं. तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि त्यानं उघड्या दारावर टकटक केलं.