बंबातली खपली

खपली तळहातावर होती आणि तिचं वजन लागत नव्हतं. नखाएवढी, एका अंगाला तांब्याचा हिरवट डाग, दुसऱ्या अंगाने पांढरी, खरखरीत... खरखरीत असावी असं दत्तारामला नुसतं वाटलं, कारण बोटांना तसं काही कळत नव्हतं. सव्वीस वर्षं खाणीवरच्या पंपाच्या थरथरत्या दांड्यावर हात ठेवून काढल्यावर बोटांची शेवटची पेरं अशी झाली होती — गरम, गार, मऊ, टोकदार, सगळं एकच. डिचोलीच्या डॉक्टरने टाचणी टोचून पाहिली तेव्हा दत्ताराम खिडकीबाहेरची रिक्षा बघत बसला होता. टोचून झालं हे डॉक्टरनेच सांगितलं.

न्हाणीत बंब आडवा पडला होता. काल दुपारी त्यात पाणी आणि माडाच्या विनागराच्या, शिरक्याच्या, तीन बाटल्या ओतून, चार करवंट्या पेटवून त्याने ते कोमट केलं होतं आणि तसंच मुरत ठेवलं होतं. आज लाकडी हातोडीने बाहेरून हलके टोले दिल्यावर आतल्या नळीवरचा थर सुटायला लागला. जोराने मारायचं नाही, सांध्यांची झाळ उकलते. बोअरच्या जड पाण्याचा हा थर दर दोन-तीन महिन्यांनी काढला नाही, तर नळीची ऊब पाण्याला पोचत नाही, नळी आपली आपणच भाजत राहते आणि एक दिवस सांध्यातून ठिबकायला लागते. शिवाय पाणी उकळू द्यायचं नाही. उकळलं की थर लवकर धरतो, म्हणून वाफ दिसली की लाकडं मागे ओढायची. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. लोखंड आणि पाणी यांची भांडणं सोडवण्यातच त्याची नोकरी गेली होती. बंब तेवीस वर्षांचा झाला आणि एकदाही गळला नाही. लोक म्हणत, दत्तारामचा जीव बायकोपेक्षा बंबावर. शेवंतीही त्यावर हसायची. खरं काय ते त्याने तिला सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं ते तेवढंच होतं.

साखळी गावाहून ताराचा फोन आला. मुलगी एकदा बोलायला लागली की बापाला फक्त हुंकार भरायचे असतात.

"बाबा, तो बंब आतां भंगारांत घाल. हांव गिझर धाडतां. आवयचे गुडघे शेकूंक बटण दामलें की पाणी!"

"गिझरांतय थर धरता," तो म्हणाला.

"मागीर बदलूंक येता."

बदलता येतो. त्याने फोन खिशात ठेवला आणि पुन्हा हातोडी घेतली. टक, टक... आत खपल्या घरंगळल्याचा आवाज झाला. मुलीचं बरोबर होतं. तिचं बरोबर आहे याचंही त्याला काही वाटलं नाही. हल्ली असंच व्हायचं. खाण बंद झाली त्या दिवशी गावातले ट्रकवाले रडले, शेजारच्या धाकूने तर डोकं धरलं होतं, आणि दत्ताराम पंपघराला कुलूप लावून, किल्ली खिळ्याला अडकवून, घरी येऊन नेहमीसारखा जेवला होता. भात थोडा जास्तच खाल्ला होता.

मागच्या पडवीत शेवंती पाय पसरून रोजांच्या, झेंडूच्या, फुलांची माळ करत होती. उद्या नरक चतुर्दशी. आज दिवेलागणीला बंब घासूनपुसून, गळ्यात माळ घालून, नव्या पाण्याने भरायचा, आणि ते पाणी घरच्या विहिरीचं हवं, ही रीत. विहीर आटली त्या वर्षी शेवंतीने या रीतीला एक ठिगळ लावलं. ती रिकामी घागर विहिरीपाशी नेते, काठावर टेकवते, हळदकुंकू लावते, विहिरीला घागर दाखवते, आणि मग येऊन बोअरच्या नळाखाली धरते. कुणी विचारलं तर म्हणते, म्हातारीक सांगून घेतलेलें बरें. विहिरीला ती म्हातारी म्हणते. तेवीस वर्षं दत्ताराम हे न्हाणीच्या झरोक्यातून पाहत आला होता. स्वतः तो विहिरीपाशी गेला नव्हता. पत्रे तिच्यावर त्यानेच घातले होते, वासरू पडेल म्हणून. वासरू तेव्हा घरात नव्हतंच.

"ऐकलें?" शेवंतीने माळेवरून मान वर न करता म्हटलं. "आयज गुडघे उठूंक दिनात. घागर तुमीच दाखोवन येयात."

तिने दोरा दातांनी तोडला.

"वर्साचो दीस आसा. म्हातारी वाट पळयता आसतली."

...तेवीस वर्षांपूर्वीचा मे महिना होता. खाणीचा खड्डा त्या वर्षी आणखी एक पायरी खाली गेला होता आणि साहेबाने तिसरा पंप लावायला सांगितला होता. तिसरा पंप माझा. दोन दिवस लाल चिखल ओकत होता, तिसऱ्या दिवशी दुपारी एकाएकी निवळ पाणी यायला लागलं. ऊन असं की डोक्यावरचा रुमाल वाळून कडक झालेला. मी पाइपाच्या तोंडाशी ओंजळ धरली आणि प्यायलो. आधी गार लागलं. मग जिभेच्या मागे ते तुरट आलं — आमच्या विहिरीच्या कडेला जांभूळ आहे, त्याच्या मुळांचं तुरट — आणि त्याच्या मागून गोड. सकाळी घरून निघताना मी तेच पाणी प्यालो होतो. अख्ख्या डिचोली महालात ती चव दुसऱ्या विहिरीला नाही. मी ओंजळ झाडली आणि पंप चालू ठेवला. चौथ्या दिवशी आमच्या विहिरीत कळशी चिखलावर आपटली.

बंद करून काय होणार होतं? दुसऱ्याने चालू केला असता. हे खरं होतं, तेवीस वर्षं खरंच राहिलं, आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

कारण नंतर देवळात गाव जमलं. सतरा विहिरी सुकल्या होत्या. पंचांनी विचारलं, दत्ताराम, तूं पंपार आसता, तुका कितें दिसता? सगळी तोंडं वळली. खांबामागे बायका उभ्या होत्या, त्यांत शेवंतीही. आपलेच दात, आपलेच ओठ. तो म्हणाला, "पाऊस उणो पडलो." एवढंच. पाऊस आदल्या साली खरोखरच थोडा कमी पडला होता. पुढे कंपनीने बोअर मारून दिल्या, लोकांनी नळाला हार घातला, आणि दत्तारामने सावंतवाडीहून हा बंब आणला, तांब्याचा, गावातला सगळ्यात मोठा.

त्याने बंब उभा करून तोटी सोडली. पांढरट, आंबूस पाणी खपल्या घेऊन मोरीत गेलं. आतून हात फिरवला. नळी गुळगुळीत लागली असावी. काम चोख झालं होतं. अशा वेळी पूर्वी त्याला थोडं बरं वाटायचं, निदान त्या दिवसापुरतं. आज तेही वाटलं नाही. गेल्या आठवड्यात धाकू कुंपणापलीकडून ओरडला होता, "तुजी बांय पळयली मरे? खाण बंद जाली आनी आमचे बांयक पाणी आयलां!" दत्तारामने विहिरीचं काही ऐकूच न आल्यासारखं केलं होतं. चोराच्या मनात चांदणं. दीड वर्षापूर्वी पंप थांबले. खड्डा भरला की आसपासच्या विहिरी चढणार, हे पोरालाही कळलं असतं. दुसरा कुणी धावत जाऊन बघून आला असता. त्याला मात्र भीती वाटली होती. कोरडी विहीर गप्प तरी बसते.

ऊन उतरल्यावर त्याने घागर घेतली.

पत्रा गंजून मातीला चिकटला होता. ओढला तेव्हा खालून गारवा वर आला, आणि मग आभाळाचा एक तुकडा हलला. जांभळीची एक फांदी. आणि एक म्हातारा माणूस, घागर घेतलेला. पाणी वर आलं होतं, काठापासून फक्त दोन पुरुष उंचीइतकं खाली, काळंशार, निवळ. आनंद व्हायला हवा होता, निदान रडू तरी. काही आलं नाही. घागर दाखवायची की भरायची हेच त्याला क्षणभर सुचेना. मग त्याने गोठ्यातला दोर आणला आणि घागर सोडली. ती पाण्यावर आडवी झाली, भरली, जड झाली. तेवढं मात्र हातांना कळलं.

घागर खांद्यावरून ठिबकत असताना शेवंतीने पाहिलं. बोअरचा नळ तिच्या समोरच होता आणि त्याखालचा दगड कोरडा होता. तिने नुसता उजवा तळवा पुढे केला. दत्तारामने घागर कलती केली. तिने पाणी तोंडात घेतलं आणि गिळायच्या आधी बराच वेळ तसंच ठेवलं. आता सांगावं. आता नाही तर मग कधीच नाही — त्याने ओठ उघडले.

"अशेंच लागतालें," शेवंती म्हणाली.

"कितें?"

"पंपाचें पाणी." तिने पदराने तोंड पुसलं. "तुमका पेज घेवन येताली न्हय हांव? वतांत तान लागताली. पायपाचें पिताली. अशेंच लागतालें."

माळ तिने गुंडाळून त्याच्या हातात दिली. "भरात बंब. दिवो लावपाचो आसा."

तो न्हाणीत आला. घागर बंबात रिकामी केली, माळ घालायला हात लावला तर काठावर विनागर राहिलं होतं. ते अंगठ्याच्या भेगेत गेलं आणि झोंबलं. त्याने हात मागे घेतला नाही. म्हणजे पेज घेऊन उन्हातून यायची तेव्हा तहानेला तीही तेच पाणी प्यायली होती, आणि देवळात खांबामागे उभी होती तेव्हा... पाऊस उणो पडलो म्हणालो, ते ऐकताना तिच्या जिभेवर तीच चव होती. आणि घरी येऊन तिने मला जेवायला वाढलं. आणि दर वर्षी, झरोक्यातून दिसेल अशी, काठावर उभी राहून, हळदकुंकू लावून, ती घागर ती दाखवत होती... विहिरीला, की मला?

बाहेर शेवंती काडी ओढत होती. एक विझली, तिने दुसरी ओढली. अंगठा झोंबत होता, पेरापर्यंत, पेराच्याही वर. बंब एका घागरीने भरत नाही. आणखी पाच-सहा तरी आणाव्या लागणार होत्या, आणि दर खेपेला तिच्यासमोरून जावं लागणार होतं.