मी, ‘शांत व सुरक्षित’ पाटी

मी भाड्याच्या घरांवर टांगतात ती पाटी बोलतेय. इकडे बघा, वर. माझ्या अंगावरचा फोन नंबर तेवढा टिपून घेता आणि चालू लागता, ही तुमची जुनी खोड मला ठाऊक आहे. आज जरा थांबा. घर शोधताय ना? लेकरू कडेवर आहे ना? मग ऐकून जा. गोड बोलायची मला सवय नाही. गोड काय ते माझ्या अंगावर रंगाने लिहून ठेवलंय, तेवढं पुरे.

जन्माने मी पत्र्याच्या एका मोडक्या कपाटाची पाठ. भंगारवाल्याकडून घरांच्या एका एजंटने मला उचललं आणि रंगाऱ्यापुढे टाकलं. त्याने पिवळा हात मारला आणि वर काळ्या अक्षरांत लिहिलं, ‘घर भाड्याने देणे आहे’. खाली जागा उरली.

“दादा, खाली मोकळं दिसतंय. काय टाकू?”

एजंट काडीने दात कोरत होता. “टाक काहीतरी. शांत व सुरक्षित वस्ती.”

“कुठली वस्ती?”

“अरे, कुठलीही! घरं बदलतील, पाटी हीच राहणार आहे.”

अशी मी एकही घर न बघता सुरक्षित झाले. पुढे मला कुठे कुठे टांगलं म्हणून सांगू! कठडा नसलेल्या जिन्यापाशी टांगलं, गोदामाच्या मागे जिथे दिव्याचे खांब नुसते उभे होते तिथे टांगलं. सगळीकडे मी शांत, सगळीकडे मी सुरक्षित. लाज वाटायची, पण पत्र्याला मान खाली घालता येत नाही.

आणि तुम्ही घर बघायला येणारे! तुमच्याबद्दल काय बोलावं? येता सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, जेवून. त्या वेळी तर कुठलीही वस्ती शांतच असते. नळ सोडून बघता. भिंतीवर बोटाने टकटक करता, जणू भिंत ओ देणार आहे. आणि शेवटी आवाज खाली आणून विचारता, “वस्ती कशी आहे हो?” कोणाला विचारता? एजंटला! तुम्ही हो म्हटलंत तरच ज्याचं घर चालतं, त्याला. तो म्हणतो, “एकदम फॅमिली वस्ती.” आणि तुमचा जीव भांड्यात पडतो. शेजारी राहणाऱ्या माणसाला एक शब्द विचारायला मात्र तुमची जीभ टाळूला चिकटते.

असंच एक जोडपं आलं होतं. तो विम्याच्या कचेरीत चोरीचे दावे तपासायचा. दिवसभर फोडलेली कुलपं आणि उचकटलेल्या खिडक्या वाचून वाचून त्याला प्रत्येक माणूस अर्धा चोर दिसायला लागला होता. ती घरी बसून एका कारखान्यासाठी कपड्यांचे कापणीचे नमुने काढायची. बरोबर चार वर्षांची लेक, ठकी. आधीच्या घरी शेजारचं घर फोडलं गेलं तेव्हापासून त्यांची झोप उडाली होती. लेकीला निर्धास्त ठेवता येईल अशी जागा हवी, एवढंच त्यांचं मागणं. मागणं खरं होतं, त्याला मी हसत नाही. शोधायच्या तऱ्हेला हसते.

तेव्हा मी एका अरुंद गल्लीतल्या घरावर होते. खाली सायकलवाला, त्याला लागून शिंपी, पलीकडे न्हावी. दिवसभर हाका, हातोडी, भांडणं. हे तिघं गल्लीत शिरले तसा सायकलवाला ओरडला, “कोणाकडे जायचंय?” शिंप्याची बायको वरून डोकावली, “घर बघायला आलात का? मुलगी किती वर्षांची? दिवसभर घरी कोण असतं?”

विमावाल्याने नाक मुरडलं. “काय चौकशा आहेत! इथे आपण कधी येतो, कधी जातो, सगळ्यांना कळणार.”

“कळू दे की,” ती हळूच म्हणाली.

“कळू दे? चोराला हेच तर हवं असतं!”

शिंप्याच्या बायकोला चोरात बसवून स्वारी निघून गेली. ते घर दुसऱ्या कोणीतरी घेतलं आणि एजंटने मला उचलून एका उंच इमारतीत नेलं. तिसऱ्या मजल्यावर शेजारीशेजारी दोन घरं रिकामी होती. एकाच्या दाराला मला अडकवलं. पाहते तर तेच जोडपं पुन्हा हजर!

इथे काय थाट! फाटकावर गणवेशातला वॉचमन, जिन्यात कॅमेरे, प्रत्येक दाराला बाहेर बघायचं भिंग आणि आतून साखळी. माणसाचा मात्र आवाज नाही. तासाभरात एकही दार उघडलं नाही. विमावाला खूश. “बघ, कोणाचं कोणात नाही!” हे तो कौतुकाने म्हणाला, बरं का.

त्यांनी माझ्या शेजारचं घर घेतलं. मी रिकाम्या घराच्या दारावर लटकत राहिले.

त्या माणसाने मग घराचा किल्ला केला. गॅलरीला खालपासून वरपर्यंत जाळी ठोकली. दाराला नवं कुलूप आणलं, दार ओढलं की आपोआप लागणारं. बाहेरून किल्लीशिवाय उघडायचं नाही, आतून खुंटी फिरवली की झालं. आणि रोज संध्याकाळी लेकीची उजळणी.

“दार वाजलं तर?”

“उघडायचं नाही!”

“मावशी म्हणाली, मी आलेय?”

“उघडायचं नाही!”

“आईचा आवाज आला तर?”

ठकी गोंधळली. “आईचा?”

“चोर आईचासुद्धा आवाज काढतात. आई, बाबा डोळ्यांनी दिसल्याशिवाय खुंटीला हात लावायचा नाही.”

“अहो, पुरे,” आई म्हणायची. पण हसून म्हणायची.

तीही त्या इमारतीत मुरत चालली होती. एका सकाळी कोपऱ्यातल्या घरातले म्हातारे जिना चढताना घेरी येऊन भिंतीला टेकले. जवळचं दार तिचंच. त्यांनी ते वाजवलं. आत चप्पल सरकली, भिंगापाशी सावली आली. आतून ठकीने विचारलं, “कोण आहे?” आणि आई म्हणाली, “कोणी नाही.” म्हातारे पायरीवर बसले, घाम पुसला, थोड्या वेळाने उठून भिंत धरत धरत आपल्या घरी गेले. मला हात असते तर मी ते दार खिळखिळं केलं असतं.

मग ती दुपार आली. तिने गॅसवर दूध ठेवलं आणि कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला अनवाणी एक पाऊल टाकलं. गॅलरीतून वारा आला. दार धाडकन लागलं. किल्ली आत, फोन आत, दूध आत, ठकी आत.

ती आधी हसली. मग दाराशी वाकली. “ठके, दार उघड बाळा. ती खुंटी फिरव.”

“कोण आहे?”

“अगं मी! आई!”

“आई असं कोणीपण म्हणेल,” आतून उत्तर आलं. शब्द न् शब्द बापाचा, फक्त आवाज बोबडा.

“ठके, खेळ नको गं. दूध उतू जाईल. उघड!”

“चोर आईचापण आवाज काढतात. मी नाही उघडणार.” आणि पावलं आत पळाली.

भिंग मोठ्या माणसाच्या उंचीवर. त्यातून बघणार कशी ती पोर? आई डोळ्यांनी दिसल्याशिवाय उघडायचं नाही, आणि आई दिसणार नाही अशीच सगळी सोय. शाबास रे बापा!

आत दूध उतू गेल्याचा चर्र आवाज झाला, मग करपट वास, आणि मग दुसराच वास. आच विझली होती आणि गॅस सुटला होता. तिच्या तोंडचं पाणी पळालं. ती समोरच्या दारावर धावली. “उघडा! माझी मुलगी आत आहे हो, गॅस सुटलाय!” भिंगात डोळा आला आणि गेला. दुसरं दार. डोळा आला आणि गेला. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यांचं दार. तिथे डोळा बराच वेळ थांबला. साखळी नाही निघाली.

ती जिन्यातून खाली ओरडली. वॉचमन मान वर करून म्हणाला, “मॅडम, फाटक सोडून वर यायची परवानगी नाही. तक्रार लिहून द्या.”

कॅमेरा मात्र चुकला नाही. त्याने सगळं अगदी नीट पाहिलं.

तेवढ्यात लिफ्ट उघडली आणि माझा एजंट बाहेर आला. मागे एक जोडपं, बाईच्या खांद्यावर झोपलेलं तान्हं. रिकामं घर दाखवायला आणलं होतं. “तर वस्ती म्हणाल तर एकदम...” इतक्यात त्याला दाराला धडका मारणारी अनवाणी बाई दिसली. “अं, काही नाही, घरगुती दिसतंय. आपण नंतर येऊ या.”

“नंतर काय?” ती बाई म्हणाली. तान्हं तिने नवऱ्याच्या हातात कोंबलं. “काय झालं हो ताई?”

“मुलगी आत आहे. ती मला बघितल्याशिवाय उघडत नाही. गॅस...”

“हे घर शेजारचंच ना? गॅलऱ्या लागून आहेत का?” बाई एजंटवर वळली. “किल्ली काढा.”

“पण मॅडम, मालकांना विचारल्याशिवाय...”

“किल्ली काढता का तुमचा खिसा फाडू?”

असं बोलणं त्या मजल्यावर पहिल्यांदाच ऐकू आलं. माझा पत्रा सुखावला. एजंटने मुकाट्याने दार उघडलं, मी दारासकट आत फिरले, आणि समोर गॅलरी दिसली. आई धावत जाऊन कठड्यावर वाकली. शेजारच्या जाळीत बोटं अडकवून तिने हाक मारली. हाक कसली, हंबरणंच ते.

ठकी गॅलरीत आली. लोखंडातून तिने आईचं तोंड निरखून पाहिलं. “तू खरी आहेस?”

“खरी आहे गं राणी. बघ ना माझ्याकडे. जा, पळत जा, खुंटी फिरव.”

“मग तिकडे कशाला गेलीस?”

“चुकलं माझं. जा ना बाळा, जा.”

ठकी गेली. खुंटी फिरली. त्या परक्या बाईने पोरीला उचलून बाहेर काढलं, आई आत धावली, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. मग जिन्यातच बसली, लेकीला मांडीवर घट्ट धरून.

सगळं निवल्यावर ती बाई तिच्याशेजारी पायरीवर टेकली. एजंट खाकरत होता, पण तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. “ताई, खरं सांगा. आम्हीही लेकराला घेऊन हिंडतोय. ही जागा घ्यावी का?”

एजंटचा चेहरा माझ्यापेक्षा पिवळा पडला.

आईने बंद दारांकडे पाहिलं. “इथे कोणी दार उघडत नाही. मीही उघडलं नव्हतं एकदा. पण तुम्ही येणार असाल तर या. निदान दोन दारं तरी उघडतील.”

संध्याकाळी विमावाला आला. सगळं ऐकून पांढराफटक पडला, लेकीला कुरवाळलं. आणि मग, तुमचा विश्वास बसणार नाही, कुलपापाशी जाऊन दार दोनदा ओढून बघत पुटपुटला, “कुलूप मात्र पक्कं निघालं.”

तिने कपाळावर हात मारला नाही, रडली नाही. आतून स्क्रू पिळायचा पेचकस आणून त्याच्या हातात दिला. “काढा.”

“अगं, पण...”

“आत्ता काढा. नाहीतर आज तुम्ही बाहेर झोपा आणि लेकीला आवाज देऊन बघा, ओळखते का.”

त्याने काढलं. कान लाल करून काढलं.

दुसऱ्या दिवशी ती कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यांच्या दाराशी उभी राहिली. वाजवलं.

“कोण?”

“शेजारची. त्या सकाळी तुम्हाला घेरी आली होती, तेव्हा मी आत होते.”

आतून आवाज आला, “ठाऊक आहे. दाराखालून पावलं दिसतात. काल मीही आत होतो.”

“तेही ठाऊक आहे, आजोबा.”

साखळी सरकली. गंजली होती, म्हणून जरा ओढावी लागली.

ती तान्ह्याची मंडळी शेजारी राहायला आली आणि मला काढलं. त्या मजल्यावर आता ठकीचा आरडाओरडा चालतो असं एजंट तक्रारीच्या सुरात कोणाला तरी फोनवर सांगत होता. मला स्कूटरला बांधून त्याने शहरभर फिरवलं आणि काल या फाटकावर अडकवलं. माझा एक कोपरा दुमडलाय, पिवळा उडालाय, ‘शांत’वर गंज चढलाय. ‘सुरक्षित’ अजून चकचकीत आहे. तुमची फसायची हौस आहे तोवर ते चकचकीत राहणार.

माझ्यामागचं हे घर कसं आहे, मला विचारू नका. मी कालच आलेय. माझ्या अंगावरच्या अक्षरांना तर मुळीच विचारू नका. कुलपं बघून माना डोलावू नका, वॉचमनच्या बिल्ल्याला भुलू नका. लेकराला घेऊन शेजारच्या दाराशी जा आणि घोटभर पाणी मागा. दार उघडतं का बघा. उघडलं, ‘कुठून आलात, नाव काय, किती वर्षांची’ म्हणून चौकशा सुरू झाल्या, तर नाक मुरडू नका. तुमची पोर अडकेल तेव्हा हेच नाक खुपसणारे धावत येणार आहेत.

आणि नाहीच उघडलं, तरी हेच घर घ्यावं लागणार असेल, तर आपलं दार उघडायची हिंमत बरोबर घेऊन या. तीही नसेल तर एखादी तिजोरी भाड्याने बघा आणि लेकरं घेऊन तीत झोपा. तिच्यावर टांगायला मी यायची नाही.

नंबर काय टिपताय? तो कुठे पळत नाही. आधी शेजारचं दार वाजवा.